नर क्रमांक दोन

दांडेपुळणच्या किनाऱ्यावर नर कासव कुणी कधी पाहिलं नव्हतं. माद्या येतात, वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालतात आणि परत जातात. नर मात्र पिलू असताना एकदा पाण्यात शिरला की पुन्हा जन्मभर जमिनीला पाय लावत नाही. म्हणूनच २०४३च्या डिसेंबरात, पहाटेच्या फेरीत वैजयंता भाटकरला जाळ्याच्या भेंडोळ्यात गुरफटलेलं एक मोठं कासव दिसलं, तेव्हा ती त्याला मादीच समजली.

"शेपूट बघ," खलीलचाचा म्हणाले.

शेपूट मनगटाएवढी जाड होती आणि कवचाच्या बाहेर चांगली वीतभर आलेली होती; मादीची जेमतेम दिसते. पुढच्या पायांवरची नखं आकड्यासारखी वाकलेली. वैजयंता गुडघ्यांवर बसली आणि बघत राहिली. एकोणीस वर्षं ती या किनाऱ्यावर घरटी राखत होती. गळ गिळलेले कुरव पक्षी, वाट चुकलेले समुद्रसाप, जाळ्यात सापडलेल्या माद्या, सगळं तिने हाताळलं होतं. नर पहिल्यांदाच.

खलील मुकादम सत्तरीचे. चाळीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस, आता कासवगटात जाळी कापायचं काम त्यांचं. त्यांनी कमरेची सुरी काढली आणि एकेक फास उसवत नेला. शेवटचा फास डाव्या पुढच्या पायाला होता. नायलॉन हाडापर्यंत गेलं होतं.

"हा पाय राहायचा नाही," वैजयंता म्हणाली.

हे तिला कळत होतं, कारण ती गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात परिचर होती. बैलाच्या खुरापासून शेळीच्या बाळंतपणापर्यंत सगळं तिच्या हाताखालून जायचं. दोघांनी आणखी चौघांना हाक मारली, गोणपाट आणि बांबूंची डोली केली आणि कासव कोळंबीच्या जुन्या, बंद पडलेल्या सिमेंटच्या टाकीत नेऊन सोडलं. दुपारी रत्नागिरीहून डॉक्टर आले. त्यांनी पाय काढला, टाके घातले आणि सांगितलं, "मी महिन्यातून एकदा येईन. रोजचं तुमच्याकडे. तुम्ही लिहाल ते मी धरून चालणार."

वनखात्याचा एक तक्ता होता, तो त्यांनी तिच्या हातात दिला. रोजच्या तीन ओळी. सरळ पोहतो का. स्वतः बुडी मारतो का. तळाशी जाऊन भक्ष्य पकडतो का. तिन्हींना 'होय' आलं आणि ते आठवडाभर टिकलं की प्राणी समुद्रात सोडायचा, हा नियम. पावसाळा सुरू होईपर्यंत 'होय' आलं नाही, तर तो कायमचा बंदिस्त ठेवायला संशोधन केंद्राच्या ताब्यात द्यायचा.

त्या केंद्रात वैजयंताची मुलगी काम करत होती.

कस्तुरी पंचवीस वर्षांची. वडील शशिकांत गोव्याकडच्या बोटीवर इंजिनवाले, महिन्यातून चार दिवस घरी. त्यामुळे ती वाढली ती आईच्या मागे किनाऱ्यावर फिरतच. पुढे शिकली आणि जिल्ह्याच्या गावी, सागरी वंशावळ केंद्रात लागली. तिथे चार वर्षं खपून तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी एक यंत्र तयार केलं. त्याचं खरं नाव लांबलचक होतं. किनाऱ्यावरच्या लोकांनी त्याला 'कुळाचा डबा' म्हणायला सुरुवात केली, कारण ते दिसायचं जेवणाच्या डब्याएवढं आणि सांगायचं कूळ.

पूर्वी एखाद्या पिलाचा बाप शोधायचा तर बापाचं रक्त हाती लागावं लागे. समुद्रातला नर कुठून धरून आणायचा? कस्तुरीच्या यंत्राला बाप लागत नव्हता. पिलं निघून गेल्यावर घरट्यात जी फुटकी कवचं उरतात, तीच पुरेशी होती. कवचाच्या बाहेरच्या बाजूला अंडं घालताना लागलेला आईचा चिकट द्राव वाळून बसलेला असतो. त्यात आईच्या पेशी असतात. आतल्या पातळ पापुद्र्याला पिलाच्या पेशी चिकटलेल्या असतात. पिलाच्या जनुकांतून आईकडून आलेला भाग वजा केला की उरतं ते बापाचं. एका घरट्यातली वीस-पंचवीस कवचं वाचली की न पाहिलेल्या बापाची जवळजवळ पूर्ण ओळख पटायची. चाळीस मिनिटांत.

त्या ओळखींतून निघालेले आकडे केंद्रातल्या लोकांनी पुन्हा पुन्हा तपासले होते. कुणीतरी तीस वर्षांपूर्वी जपून ठेवलेली कवचं वाचली, तेव्हा एकेका घरट्यात दोन-दोन, तीन-तीन बाप सापडले. सत्तर किलोमीटरच्या किनाऱ्यावर मिळून सव्वाशेच्या वर नर होते. गेल्या हंगामातली कवचं वाचली, तर त्याच किनाऱ्यावर सगळे मिळून पाच.

कस्तुरीने हे जानेवारीत, टाकीच्या कठड्यावर बसून आईला आणि खलीलचाचांना समजावलं. कासवांत मुलगा की मुलगी हे रक्त ठरवत नाही, वाळू ठरवते. अंडी साधारण साडेएकोणतीस अंशांच्या आसपास उबली तर दोन्ही होतात. त्याखाली नर जास्त, त्यावर माद्या जास्त, आणि एकतिसाच्या पुढे जवळजवळ सगळ्या माद्याच. दांडेपुळणची वाळू गेली पंधरा वर्षं एकतिसाच्या खाली आलीच नव्हती.

"मग आम्ही एवढी वर्षं जी पिलं सोडली..." वैजयंताने विचारलं.

"बहुतेक मुली."

खलीलचाचांनी टाकीतल्या पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे आपण नुसत्या माहेरवाशिणी तयार केल्या. सासर कुठे आहे, ते बघितलंच नाही."

कस्तुरीने त्या दिवशी टाकीतल्या कासवाचं थेंबभर रक्त नेलं. फेब्रुवारीत घरटी फुटू लागली, तशी कवचंही वाचून झाली. मार्चच्या मध्याला तिचा फोन आला.

"आई, तुझ्या टाकीत आहे तो आमच्या यादीतला नर क्रमांक दोन. दांडेपुळणवर या हंगामात फुटलेल्या अकरा घरट्यांपैकी सात त्याची आहेत. जाळ्यात अडकायच्या आधीच माद्यांशी जुळला होता तो."

वैजयंता खेकड्यांची बादली घेऊन टाकीशीच उभी होती. कासव नेहमीसारखं पृष्ठभागावर तरंगत होतं, उजवी बाजू वर आणि डावी खाली, पालथ्या टोपलीसारखं. पाण्यात गुदमरताना त्याच्या फुप्फुसाला इजा झाली होती आणि अंगात हवा अडकली होती. तीन महिने तक्त्यात तिने एकच लिहिलं होतं. बुडी मारतो का: नाही.

"त्याला आम्ही घेतो," कस्तुरी म्हणाली. "इथे खोल तलाव आहे. त्याचं बीज काढून पुढच्या वर्षी अंडी घालायला आलेल्या माद्यांना देता येईल. दोन वर्षांत जमेल असं सगळ्यांना वाटतंय."

"आणि समुद्रात सोडला तर?"

"आई, नर मादीला पुढच्या दोन पायांनी धरून ठेवतो. नखं त्यासाठीच असतात. हा धरणार कसा?"

वैजयंताने बादलीतला एक खेकडा कासवाच्या तोंडाशी धरला.

एप्रिलच्या मध्याला एका सकाळी ती टाकीवर आली, तर पाण्यावर काही नव्हतं.

आधी तिला वाटलं, रात्रीतून कुणी नेला. मग वाटलं, मेला असेल. तिने कठड्यावर ओणवं होऊन हिरव्या पाण्यात डोळे रुतवले. खाली काहीतरी हललं. पाठोपाठ खेकड्याच्या नांगीचा एक तुकडा गिरक्या घेत वर आला. आदल्या संध्याकाळी दगडाला बांधून तळाशी सोडलेले खेकडे तो शोधून शोधून खात होता. तिने घड्याळाकडे पाहिलं. अकराव्या मिनिटाला तो वर आला, फुस्स करून श्वास सोडला, नवा घेतला आणि तीन पायांवर अंग सावरत पुन्हा खाली गेला.

तिला हसू फुटलं. नकळत दोन्ही हातांनी तिने कठडा घट्ट धरला होता. मग तक्ता आठवला आणि हसू मावळलं.

टाकीवर केंद्राचा कॅमेरा होता, पण त्याला टाकीचा एकच कोपरा दिसे, आणि गढूळ पाण्यात पृष्ठभागाखालचं तर काहीच नाही. कासव दुसऱ्या कोपऱ्यात तरंगतंय की तळाशी गेलंय, त्याला दोन्ही सारखंच. बुडी पाहिली होती ती फक्त तिने. तिने तारीख लिहिली आणि पुढची जागा रिकामी ठेवली. दुसऱ्या दिवशीही ठेवली. दवाखान्यात तिच्या हातून टिंक्चरची बाटली सांडली. घरी डाळ करपली. मुलीचं चार वर्षांचं काम त्या रिकाम्या जागेत होतं, आणि खरं म्हणजे तिच्या स्वतःच्या एकोणीस वर्षांचंही.

रविवारी कस्तुरी आली. चहा न घेताच टाकीवर गेली, तक्ता उघडला आणि विचारलं, "दोन दिवस रिकामे का आहेत?"

"बुडी मारतो तो," वैजयंता म्हणाली. "तळाशी जाऊन खातो. सरळ पोहतो."

कस्तुरीने तक्ता मिटला. "कुणी पाहिलं?"

"मी."

"फक्त तू?"

"फक्त मी."

"आई, एक ओळ आहे." कस्तुरीचा आवाज अगदी शांत होता. "चार महिने तेच लिहीत आलीस. अजून महिनाभर लिही. पाऊस लागेल, सोडायची मुदत जाईल आणि तो आपोआप आमच्याकडे येईल. तो सुखात राहील. चाळीस वर्षं जगेल. बाहेर सोडला तर पहिल्याच जाळ्यात जाईल, आणि त्याच्यासोबत या किनाऱ्यावरची निम्मी घरटी जातील. मी काही माझ्यासाठी मागत नाही."

"ते मला माहीत आहे."

"मग?"

वैजयंता बादलीकडे वळली. तिने बादलीतला एक खेकडा उचलला, दोरीने दगडाला बांधला आणि पाण्यात सोडला.

"दवाखान्यात माणूस बैल घेऊन येतो," ती म्हणाली. "मी सांगितलं ताप उतरला, की तो दुसऱ्या दिवशी बैल जुंपतो. नाही म्हटलं तर बांधून ठेवतो. बैलाकडे बघून तो ठरवत नाही, माझ्या बोलण्यावर ठरवतो. मी एकदा माझ्या मनातलं घालून बोलले, मग ते चांगल्यासाठी का असेना, तर पुढच्या वेळी मी खरं सांगते की नाही हे मलाच कळायचं नाही."

"इथे कुणी मरत नाहीये, आई. उलट वाचतंय."

"मग तसं लिही की. तुझ्या नावाने. नर बरा झालाय, बुडी मारतो, तरीही तो केंद्रात ठेवावा असं माझं मत आहे, आणि त्याची ही कारणं. मी तुझ्यासोबत येते वनखात्यात. पण माझ्या तक्त्यातून नको."

"ते नाही म्हणतील. बरा झालेला सोडायचा, हा नियम आहे."

"मग नियमाशी भांड."

"महिन्याभरात नियम बदलतो का?"

"नाही बदलत," वैजयंताने कबूल केलं.

खाली कासवाने खेकडा धरला होता. दोरी ताणली आणि सैल पडली. दोघींनीही ती पाहिली.

"आणि तो मेला तर?" कस्तुरीने विचारलं.

"तर मी सोडला म्हणून मेला. ते माझ्याकडे राहील."

कस्तुरी जेवायला थांबली नाही. वैजयंताने वाढलेलं ताट झाकून ठेवलं, मग टाकीवर परत जाऊन तीन दिवसांच्या मिळून नऊ ओळी लिहिल्या. नऊही ठिकाणी 'होय'. नर केंद्रातच ठेवावा, असं केंद्राचं पत्र वनखात्याकडे गेलं, कस्तुरीच्या सहीचं. आठ दिवसांनी उत्तर आलं: सोडावा.

मेच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी भरतीला सुरुवात होताच त्यांनी त्याला पाण्याच्या कडेला ठेवलं. कवचावर ठावठिकाणा कळवणारा अंगठ्याएवढा संदेशक चिकटवलेला होता. कस्तुरी आली होती, पण गर्दीच्या पलीकडे उभी होती. कासव दोन लाटा थांबलं, तिसरीबरोबर आत गेलं आणि छातीभर पाण्यात गोल फिरू लागलं. एकच पुढचा पाय; प्रत्येक फटक्याला अंग डावीकडे वळत होतं. टाकीत सावरलेला तोल लाटांनी घालवला होता. एक फेरा, दुसरा, तिसरा. वैजयंता कमरेपर्यंत पाण्यात गेली होती, आणखी एक फेरा झाला असता तर तिने त्याला उचलून परत आणलं असतं. पण त्याने मागचा पाय वल्ह्यासारखा आडवा धरला, डोकं पश्चिमेकडे झालं आणि तसंच राहिलं.

"सुकाणू सापडलं त्याला," खलीलचाचा म्हणाले.

संदेशक तेवीस दिवस बोलला. कासव दक्षिणेला चाललं होतं. मग पाऊस सुरू झाला आणि संदेश थांबले. गळून पडला असेल, बिघडला असेल किंवा कासवच राहिलं नसेल, तिन्ही शक्य होतं. कस्तुरीचे फोन येत राहिले. घराची कौलं, आईची कंबर, बाबांची बोट. कासवाचा विषय दोघीही काढत नसत.

त्या पावसाळ्यात वैजयंताने कस्तुरीने घरी ठेवलेले कागद पुन्हा पुन्हा वाचले. दिवाळीनंतर तिने गटाला सांगितलं की या वर्षी अंडी उघड्या वाळूत पुरायची नाहीत. किनाऱ्यावरून गोळा केलेली अंडी पुरायच्या कुंपणाच्या जागेवर त्यांनी माडाच्या झापांचा मांडव घातला. तापमापक रोज तीनदा वाचला. वाळू बत्तीसवरून साडेएकोणतिसावर आली. पण थंड वाळूत अंडी हळू उबतात. सत्तेचाळीस दिवसांत फुटणारं घरटं सत्तावन्न दिवस घेऊ लागलं. पिलं बघायला ठरल्या तारखेला आलेले पाहुणे रिकाम्या हातांनी परत गेले, आणि ज्यांच्या घरी ते उतरले होते त्यांनी वैजयंताला चार शब्द सुनावले.

त्याहून वाईट पुढे होतं. दोन घरट्यांतलं एकही अंडं फळलं नाही. मादी येऊन घालून गेली होती, पण ती अंडी रिकामीच होती. बाकीच्या नऊ घरट्यांतली कवचं केंद्रात गेली. नर एक, नर चार. क्रमांक दोन कुठेही नाही. गटाच्या बैठकीत कुणी तिला दोष दिला नाही. फक्त त्या दोन घरट्यांचा विषय निघाला की सगळे तिच्याकडे न बघता बोलत. खलीलचाचा एकटे तिच्या शेजारी येऊन बसले आणि तिथेच बसून राहिले.

एप्रिलमध्ये फोन आला तेव्हा ती दवाखान्यात एका शेळीचा जबडा धरून बसली होती. शेळीच्या मालकिणीने फोन तिच्या कानाशी धरला.

"आई, क्रमांक दोन," कस्तुरी म्हणाली. "दोनशे किलोमीटर दक्षिणेला, तीन घरट्यांत."

"जुनी कवचं?"

"नाही. याच हंगामातली. आई, त्याने धरलं. एका पायाने."

"आपल्याकडे?"

"आपल्याकडे एकही नाही. तो आपला नव्हताच गं. आपल्याकडून जात होता एवढंच."

वैजयंताने शेळीला औषध पूर्ण पाजलं. मग मागच्या दारी जाऊन तोंडावर पाणी मारलं.

मेमध्ये कस्तुरी चार दिवसांची रजा घेऊन आली. दुपारची जेवणं झाल्यावर तिने पिशवीतून टाइप केलेला अहवाल काढून आईपुढे ठेवला. "पाठवायच्या आधी तू वाच."

वैजयंताने चष्मा लावला. वाळूचं तापमान होतं, मांडवाच्या नोंदी होत्या. थंड वाळूतल्या पिलांत नर किती हे कुळाचा डबा सांगू शकत नाही, कारण नर-मादीचा फरक जनुकांत नसतोच. ती पिलं मोठी होऊन बाप होतील तेव्हाच कळेल, म्हणजे आणखी बारा-पंधरा वर्षांनी, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मग क्रमांक दोनचं प्रकरण होतं. त्यात शेवटी एक परिच्छेद होता:

'नर बुडी मारत नसल्याची नोंद चालू ठेवावी, अशी विनंती प्रस्तुत लेखिकेने देखभाल करणाऱ्या श्रीमती वैजयंता भाटकर यांना केली होती. त्यांनी ती नाकारली. त्यांनी ती मान्य केली असती, तर तीन पायांचा नर समुद्रात प्रजनन करू शकतो ही माहिती आपल्याला मिळाली नसती.'

वैजयंताने चष्मा काढला. "हे मी कुणाला बोलले नव्हते. तुझ्या बाबांनाही नाही."

"माहीत आहे."

"खोड हे. नोकरीवर येईल तुझ्या."

"येईल कदाचित."

"मग कशाला?"

"कारण झालं होतं तसं," कस्तुरी म्हणाली. "ते गाळलं तर पुढचे आकडे तरी कुणी खरे का मानावेत?"

बाहेर झापांचे नवे भारे उतरवत होते. खलीलचाचांचा आवाज येत होता. वैजयंताने चष्मा पुन्हा लावला आणि ते पान पहिल्यापासून परत वाचलं, बोट ओळीवरून फिरवत, तक्ता तपासावा तसं. एका जागी बोट थांबलं.

"इथे चूक आहे," ती म्हणाली. "'डावा पाय मुळापासून काढला' लिहिलंयस. मुळापासून नाही. डॉक्टरांनी चार बोटं लांबीचा खुंट ठेवला होता. मीच ड्रेसिंग करत होते रोज."

कस्तुरीने मान वर केली. "चार बोटं? हलवायचा तो?"

"हलवायचा की. खाताना खेकडा त्यानेच दाबून धरायचा."

कस्तुरीने पेन उघडलं आणि आईच्या शेजारी सरकून बसली. "सांग," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून सांग."